नाशिकहून आजी आणि दोन मुलांना घेऊन इमॅजिका एका दिवसात होईल का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: तुम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात), धाकटे दीर, मुलगा १० वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. स्वतःची गाडी आहे आणि एका दिवसात जाऊन यायचं आहे. सिनेमांवरच्या राइडबद्दलही तुम्ही विचारलंय.

होतं, पण पहाटे तीनला सगळ्यांना उठवून मध्यरात्री दीडला घरी पोचायचा बेत असेल तर करू नका. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून इमॅजिका, म्हणजे खोपोलीजवळचं थीम पार्क, सुमारे २०० किलोमीटर पडतं. साडेचार-पाच तास धरा, तेही रस्त्यात कुठे अडकला नाहीत तर. एकच रात्र बाहेर काढता येत असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम खोपोली किंवा कर्जतला करा. बहुतेक लोक उलटं करतात. पहाटे निघतात, साडेअकरा-बाराला फाटकावर पोचतात आणि दमून गेल्यावर रात्री हॉटेल शोधतात. मग सकाळचा रिकाम्या रांगांचा वेळ रस्त्यातच जातो आणि भरल्या पार्कात पैसे वसूल करायची धडपड उरते. आदल्या रात्री पोचलात तर फाटक उघडायच्या आधी तुम्ही तिथे असता, आणि गाडी चालवणारा झोप झालेला असतो. परतीला हे दुसरं फार महत्त्वाचं आहे.

आता रस्ता. नाशिकचे लोक सवयीने कसारा, पडघा, भिवंडी, कल्याण, शीळ फाटा, पनवेल असे जातात आणि द्रुतगती मार्गावरून खोपोलीला उतरतात. हा रस्ता रुंद आहे, पण रांजनोली नाका आणि शीळ फाटा ही दोन नावं लक्षात ठेवा. अवजड गाड्यांची गर्दी असली की या दोन ठिकाणी मिळून तासभर सहज जातो. दुसरा पर्याय शहापूरहून डावीकडे वळून मुरबाड, कर्जत, खोपोली. हा रस्ता अरुंद आहे, गावं लागतात, रात्री उजेड कमी. पण भिवंडी-कल्याण पूर्ण टळतं आणि तो थेट खोपोलीतच आणून सोडतो. दिवसाउजेडी जाताना मी हाच सुचवेन, रात्री परतताना पहिला.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. इगतपुरीला त्यावर चढलात तर सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाता आणि कसाऱ्याचा घाट टळतो. मुरबाडमार्गे जायचं असेल तर शहापूरजवळ खुटघरला उतरा. तिथलं वळण चुकलं तर थेट आमण्याला, म्हणजे पुन्हा भिवंडीच्या तोंडाशी.

रेल्वेचा विचार सोडा. पंचवटी एक्सप्रेसने कल्याणला उतरून खोपोली लोकल, तिथून रिक्षा, हे जमतं. पण पार्कात शिराल तोवर दुपार होईल, आणि संध्याकाळी परतीची पंचवटी कल्याणला गाठायची तर चारलाच निघावं लागेल.

तारीख निवडताना सुट्टीच्या याद्यांबरोबर पंचांगही बघा. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे, आणि हाच रस्ता पुढे पालीच्या बल्लाळेश्वराला जातो. अंगारकी, माघी गणेश जयंती, मोठ्या संकष्टीला तो गाड्यांनी भरतो. पार्कात मंगळवार-बुधवार बरे. मात्र नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली नेमक्या आठवड्याच्या मधल्या दिवसांतच येतात. त्यातली बरी गोष्ट अशी की सहलीच्या बसला परतीची घाई असते. चारनंतर पोरं गोळा व्हायला लागली की रांगा ओसरतात. दिवाळीची सुट्टी आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा टाळाच. मे महिन्यात ऊन असह्य असतं. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पट्ट्यात पाऊस झोडपतो. विजा किंवा जोराचा पाऊस असला की उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात, आणि त्यापायी पैसे परत मिळतील असं धरून चालू नका.

तिकीट तारीख टाकून ऑनलाइनच काढा. त्याआधी घरी भिंतीला पाठ लावून, चप्पल काढून दोन्ही मुलांची उंची मोजा. मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि राइडवर सोडायचं की नाही हेही उंचीवरच. मोठ्या कोस्टरची (रुळांवरून वेगाने वर-खाली धावणाऱ्या गाडीची) मर्यादा साधारण साडेचार फुटांच्या आसपास असते. दहा वर्षांची बरीच मुलं दोन बोटांनी कमी पडतात. हे तिथे रांगेच्या तोंडाशी कळलं की रडारड होते. घरीच सांगून ठेवा. जाड तळव्याचे बूट घालून उंची वाढवायचा उद्योग करू नका. वरून खाली येणारा दांडा किंवा पट्टा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बेतलेला असतो. लहान शरीर त्यातून घसरू शकतं, म्हणून तो नियम आहे. उलट बाजूने, पोट मोठं असेल तर पट्ट्याचा खटका बसत नाही आणि मोठ्या माणसालाही उतरवतात. त्यात अपमान काही नाही.

थीम पार्क आणि वॉटर पार्क ही दोन वेगळी तिकिटं आहेत. एका दिवसात दोन्ही करू नका, दोन्ही अर्धवट राहतात. रांग टाळणारं एक्सप्रेस तिकीट गर्दीच्या दिवशीच परवडतं, आणि तेही सगळ्यांना नको. तुमच्यात ते दिरांना आणि उंचीत बसला तर मुलाला पुरे.

आत शिरल्यावर फाटकाजवळच्या पहिल्या राइडला सगळे चिकटतात. तुम्ही सरळ नायट्रोकडे चालायला लागा. हा ४० मीटर उंचीचा, पाच वेळा उलटा करणारा कोस्टर आहे आणि त्याला पायाखाली जमीन नाही. पाय लोंबकळत राहतात. अशा राइडवर एका फेरीत थोडीच माणसं जातात, म्हणून रांग झपाट्याने वाढते. सिनेमागृहासारख्या खेळाला मात्र एका दमात खूप माणसं आत घेतात, त्यामुळे त्याची रांग लांब दिसली तरी पटकन सरकते. म्हणून कोस्टर सकाळी आणि बसून बघायचे खेळ दुपारी.

रांगेत उभं राहण्याआधी हिशेब करायची एक सोपी रीत आहे. एका फेरीत किती माणसं बसली ते मोजा आणि एक फेरी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं गेली ते घड्याळात बघा. समजा २० माणसं, चार मिनिटं. म्हणजे तासाला ३००. तुमच्यापुढे २०० माणसं असतील तर ४० मिनिटं. अर्ध्या तासापेक्षा जास्त निघालं तर पुढे चला, साडेपाचनंतर परत या. फक्त नायट्रो याला अपवाद. ती संध्याकाळवर टाकली आणि आभाळ भरून आलं तर राहूनच जाते.

नायट्रोनंतर डीप स्पेस. हा अंधारातला कोस्टर साखळीने वर चढत नाही, चुंबकी मोटरने एकदम फेकला जातो. म्हणून पोटात गोळा सुरुवातीलाच येतो. मान सीटला टेकवून बसा, नाहीतर झटका मानेला बसतो. मोठी मंडळी हे करत असताना मुलगी आणि आजी यांना मेरी-गो-राउंड आणि लहान मुलांच्या विभागात ठेवा. मुलाला गोल्ड रश एक्सप्रेस चांगली. कोस्टरची ओळख तिथे करून द्यावी.

तुम्ही सिनेमावाल्या राइडबद्दल खास विचारलंय. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’वरची राइड म्हणजे पडद्यासमोर हलणारी खुर्ची. आजींना सिनेमा आठवत असेल तरी खुर्ची धक्के देते, त्यामुळे पाठ-मान दुखणाऱ्यांनी बसू नये. ‘आय फॉर इंडिया’मध्ये खुर्च्या उचलून मोठ्या पडद्यासमोर लोंबकळत ठेवतात आणि देशावरून उडाल्याचा भास होतो. ती सौम्य आहे. उंचीची भीती आणि हृदयाचा त्रास नसेल, तर गुडघेदुखीवाल्या माणसालाही ती झेपावी, कारण चालणं नाही, धक्के नाहीत. तरी बसण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. अलिबाबा मुलांना सर्वात आवडतो. गाडीत बसून बंदुकीने नेम धरायचा असतो आणि गुण मोजले जातात. सालीमगढ भुताचा किल्ला आहे, पाच वर्षांच्या मुलीला नेऊ नका. रात्री झोपेत ती ओरडेल आणि तुम्ही जागे राहाल. रॅथ ऑफ द गॉड्स उभ्याने बघायचा असतो आणि त्यात आग-पाणी येतं, म्हणून गुडघेवाल्यांना तोही वर्ज्य.

पडद्याच्या खेळांत मळमळतं त्याचं कारण सरळ आहे. डोळे सांगतात आपण उडतोय, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण जागेवरच आहोत, आणि या भांडणात पोट ढवळतं. मळमळ सुरू झाली की डोळे मिटा, पडद्याकडे बघूच नका. असे दोन खेळ लागोपाठ घेऊ नका आणि जेवणानंतर तासभर तर नाहीच. ज्याला कसाऱ्याच्या वळणांवर उलटी होते त्याला इथेही होणार. आणि रात्री गाडी चालवणाऱ्याने दुपारनंतर हे खेळ टाळावेत.

पाण्याच्या राइड (राजासॉरस, स्प्लॅश अहॉय) एक ते तीनच्या दरम्यान घ्या. ऊन असतं, कपडे वाळतात. ओल्या कपड्यांनी थेट एसी सभागृहात शिरलं की मुलं शिंकायला लागतात, म्हणून मुलांचा एक कोरडा जोड आणि एक पंचा जवळ हवा. राजासॉरस हे नाव कोणी उगाच जुळवलेलं नाही. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या खऱ्या डायनासोरचं हे नाव आहे, २००३ मध्ये दिलेलं. मुलाला रांगेत सांगायला विषय झाला.

कपड्यांचं बायका कमी मनावर घेतात आणि तिथेच अडतं. ओढणी नकोच. साडी नेसून मोठ्या राइडवर सोडत नाहीत, आणि ते योग्य आहे. पदर चाकात किंवा दांड्यात अडकतो. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत घ्या, कानातले लोंबते काढून ठेवा. मोबाइल खिशात ठेवून कोस्टरवर बसलात तर तो गेला समजा. चष्म्याला मागून दोरी हवी. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाला. साध्या चपला दर राइडला काढून ठेवाव्या लागतात आणि संध्याकाळी कोणाच्या तरी पायात निघून जातात.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. औषधं आणि लहान बाळाचं खाणं वगळून. म्हणून डबा गाडीत परतीसाठी ठेवा, शेंगदाणा चटणी आणि दशम्या टिकतात. सकाळी पोटभर नाश्ता करूनच फाटक गाठा आणि आत बाराला किंवा अडीचला जेवा. एक ते दोनमध्ये ताटापेक्षा रांगच मोठी असते.

आजींसाठी व्हीलचेअर फाटकावरच मागून घ्या, दमल्यावर नाही. तोवर त्या संपलेल्या असतात. सकाळी सहा-सातला खोपोलीजवळच्या महडला वरदविनायकाचं दर्शन उरकलं तर त्यांचा दिवस तिथेच सार्थकी लागतो, मग सावलीत बसून राहायची त्यांची तक्रार नसते. पाली त्याच दिवशी करायचा मोह आवरा. तुम्हा दोघांनाही मोठी राइड करायची असेल तर कर्मचाऱ्याला आधी विचारा. एकजण मुलीजवळ थांबतो, दुसरा उतरला की पहिल्याला पुन्हा रांग न लावता सोडायची सोय बऱ्याच ठिकाणी करतात.

मुलीच्या खिशात तुमच्या दोघांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते शिरतानाच दाखवा. मोबाइल बंद पडतात, भेटायची जागा हलत नाही.

आणि मुलगी बहुधा चार फुटांच्या आत, मुलगाही काठावर असणार, आजींचे गुडघे असे, हे बघता मी यंदा खोपोलीऐवजी शिर्डी करीन. नाशिकहून नव्वदेक किलोमीटर. तिथल्या साईतीर्थ या थीम पार्कमध्ये बहुतेक सगळं बसून बघायचं आहे, त्यात लंकादहनाचा फाइव्ह-डी खेळही आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘लंका दहन’ सिनेमात पडद्यावर लंका जाळली होती, अण्णा साळुंके यांना राम आणि सीता दोन्ही करून. आजींना हे सांगा, त्या खूश होतील. शेजारी वॉटर पार्क आहे, तिथे दीर आणि मुलगा जाऊ शकतात. नायलॉनचे पोहायचे कपडे घरून न्या, सुती चालत नाहीत. खोपोली दोन वर्षांनी, मुलगा साडेचार फूट झाल्यावर.