वाफ्यात उतरण्याआधी

आपल्या सगळ्यांच्या सामायिक बागेत पाऊस थांबला की लगेच खुरपं घेऊन वाफ्यात उतरू नकोस. ओल्या मातीवर पाय पडला की ती दबते, मुळांना हवा मिळत नाही. आधी चर बघ. पालापाचोळ्याने तुंबला असेल तर तो मोकळा करणं हेच त्या दिवसाचं काम. टोमॅटोची जमिनीला टेकलेली पानं काढून टाक, मातीचे शिंतोडे उडून बुरशी तिथूनच वर चढते. पण पानं सुकल्यावरच हात लाव, नाहीतर आपल्याच बोटांनी रोग पुढच्या झाडावर जातो. गोगलगायी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचायच्या (किळस येतेच, हातमोजे घाल). आणि बागकामाला यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळव. पहिल्या सरीला सगळे हौसेने येतात, तण माजलं की मोजकेच उरतात. कामं त्यांच्यातच वाटावी लागतात.