बाजारातून आणलेल्या मोठ्या कोंबड्या घरच्या कोंबड्यांत लगेच सोडल्या तर चालतील का?

नाही, लगेच सोडू नका. आधी 3 ते 4 आठवडे पूर्ण वेगळ्या ठेवा. आठवडी बाजारात दहा गावच्या कोंबड्या एकाच डालग्यात असतात, आणि राणीखेत म्हणजे मानमोडीची लक्षणं दिसायला लागणीनंतर 2 ते 15 दिवस लागू शकतात. आज तरतरीत दिसणारी कोंबडी उद्या अख्खं खुराडं रिकामं करू शकते. या काळात भांडी वेगळी ठेवा, आधी जुन्यांना दाणा-पाणी द्या, मग नव्यांना, म्हणजे तुमच्याच हातापायांनी रोग जाणार नाही. लस राहिली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी लावून एकमेकींना नुसत्या दिसू द्या. मग रात्री, सगळ्या झोपल्यावर, नव्यांना खुराड्यात बसवा आणि पहाटे लवकर उठून लक्ष ठेवा. कोंबड्यांत मानाची उतरंड असते, ती नव्याने ठरताना टोचाटोची होणारच. दाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवली की कमी होते. पण रक्त दिसलं तर ती कोंबडी त्याच क्षणी बाजूला काढा, कारण रक्त पाहून बाकीच्याही तुटून पडतात. एकटीच नवी आणू नका, बिचारीला सगळ्या मिळून छळतात.

एक लक्षात घ्या: सीआरडीसारखा श्वासाचा रोग अंगात असूनही कोंबडी महिनाभर ठणठणीत दिसू शकते. म्हणजे वेगळं ठेवूनही तो कळेलच असं नाही. त्यामुळे बाजारातच घुरघुर, नाक वाहणं किंवा डोळे सुजलेले दिसले तर ती विकतच घेऊ नका.