श्रीलंकेचे अध्यक्ष दिसानायके 2024 मध्ये निवडून आले आणि डाव्या पक्षाचे असूनही आधी दिल्लीला आले. मग भारताने निर्धास्त व्हावं का?

पहिल्या दौऱ्यावरून काहीच ठरवू नका. मैत्रीपाल सिरिसेना 2015 मध्ये निवडून आले तेव्हा तेही आधी दिल्लीलाच आले होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 2017 साली, हंबनटोटा बंदर 99 वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं. गोटाबाया राजपक्षे 2019 मध्ये जिंकल्यावर पंधरा दिवसांच्या आत दिल्लीत हजर झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांच्याच सरकारने कोलंबो बंदरातल्या ईस्ट कंटेनर टर्मिनलचा भारत आणि जपानसोबतचा करार गुंडाळला. खुर्ची मिळाली की आधी दिल्ली गाठायची, हा तिथला रिवाजच झालाय. दिसानायके डिसेंबर 2024 मध्ये आले, तो रिवाज पाळला, एवढाच त्याचा अर्थ.

संशय घ्यायला जागा आहे हे खरं. त्यांचा पक्ष, जनता विमुक्ती पेरामुना, आपल्या कार्यकर्त्यांना वर्ग घेऊन जे शिकवायचा त्यात एक अख्खा धडा 'भारतीय विस्तारवादा'वर असायचा. श्रीलंकेतल्या तमीळ प्रश्नावर राजीव गांधी आणि तिथले तेव्हाचे अध्यक्ष जयवर्धने यांचा 1987 चा करार झाला, आपली शांतिसेना तिथे उतरली आणि या पक्षाने शस्त्रं उचलली. भारतीय माल विकणाऱ्या दुकानदारांना तेव्हा धमक्या यायच्या. दिसानायके पक्षात आले ते त्याच सुमारास.

पण तो पक्ष आणि आजचा पक्ष यांत 2022 ची दिवाळखोरी उभी आहे. पेट्रोल पंपावर रांगा, औषधं संपलेली, डॉलर नाहीत; त्या वर्षी भारताने जवळपास 4 अब्ज डॉलरची मदत केली. आज देश चालतोय तो आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 2.9 अब्ज डॉलरच्या कार्यक्रमावर. कर्जफेडीच्या वाटाघाटीत भारत, जपान आणि पॅरिस क्लब (कर्ज देणाऱ्या श्रीमंत देशांचा गट) एका बाजूला, चीनची एक्झिम बँक दुसऱ्या बाजूला. अशा स्थितीत दिसानायकेंना एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला दुखावणं परवडतच नाही. म्हणून दिल्लीत त्यांनी शब्द दिला की आमची भूमी भारताच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाही, आणि महिन्याभरात बीजिंगला जाऊन सिनोपेक या चिनी सरकारी तेलकंपनीच्या 3.7 अब्ज डॉलरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावर शिक्कामोर्तब करून आले. यात दगाफटका काही नाही. आपणही त्यांच्या जागी हेच केलं असतं. (दिल्लीलाही हे आधीच कळलं असावं. निवडणुकीला सात महिने असताना, फेब्रुवारी 2024 मध्ये, संसदेत जेमतेम 3 खासदार असलेल्या या नेत्याला बोलावून जयशंकर आणि डोवाल भेटले होते.)

फेब्रुवारी 2025 मध्ये अदानींनी मन्नार-पूनरीनचा पवनऊर्जा प्रकल्प सोडला, त्यावरून आपल्याकडे फार आरडाओरडा झाला. मला त्यात भारतद्वेष दिसत नाही. हा प्रकल्प रद्द करू असं दिसानायके प्रचारातच सांगत होते, आणि सत्तेत आल्यावर त्यांच्या सरकारचं म्हणणं होतं की वीज महाग पडते, दर कमी करा.

चीनच्या बाबतीत मी एकच गोष्ट बघतो: जहाजं. ऑगस्ट 2022 मध्ये उपग्रहांचा माग ठेवणारं 'युआन वांग 5' हंबनटोटाला लागलं, पुढच्या वर्षी समुद्राचं सर्वेक्षण करणारं 'शियान 6' कोलंबोत आलं. म्हणायला संशोधन, पण समुद्रतळाचे नकाशे पाणबुड्यांनाही लागतात. भारताने तगादा लावल्यावर तेव्हाचे अध्यक्ष रानिल विक्रमसिंघे यांनी 2024 पुरती अशा परदेशी जहाजांना बंदी घातली. ती मुदत आता संपली आहे. पुढचं जहाज परवानगी मागेल तेव्हा दिल्लीत दिलेल्या शब्दाची किंमत कळेल.

माझी खरी शंका मात्र चीनबद्दल नाहीच. ती पाल्कच्या सामुद्रधुनीबद्दल आहे. 28 जानेवारी 2025 ला डेल्फ्ट बेटाजवळ श्रीलंकेच्या नौदलाने भारतीय मच्छीमारांची बोट पकडताना गोळीबार केला, पाच जण जखमी झाले, दिल्लीने त्यांच्या कार्यवाहक उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला. आपल्या बातम्यांत हे 'श्रीलंका विरुद्ध आपले कोळी' असं येतं. पलीकडे बघा. यादवी युद्धात उत्तर श्रीलंकेतल्या जाफनाच्या तमीळ मच्छीमारांना समुद्र बंद होता. त्या काळात तमिळनाडूच्या ट्रॉलरना तिकडे जायची सवय लागली. युद्ध 2009 मध्ये संपलं, सवय गेली नाही. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, अंडी-पिल्लांसकट सगळं वर येतं, आणि वाटेत जाफनाच्या छोट्या होड्यांची जाळी फाटतात. म्हणजे भांडण तमीळ विरुद्ध तमीळ आहे. श्रीलंकेत या पद्धतीच्या मासेमारीवर 2017 पासून कायद्यानेच बंदी आहे. आणि नोव्हेंबर 2024 च्या संसद निवडणुकीत दिसानायकेंच्या आघाडीने 225 पैकी 159 जागा घेतल्या, त्यात जाफनाच्या 6 पैकी 3. सिंहली पक्षाला तिथे असं यश मिळणं ही मोठी गोष्ट. ती मतं टिकवायची तर ते भारतीय ट्रॉलरना मोकळीक देणार नाहीत, आणि चेन्नईला गप्प बसवणं दिल्लीला जमणार नाही.

दुसरी शंका तेराव्या घटनादुरुस्तीची. प्रांतांना अधिकार देणारी ही तरतूद 1987 च्या करारातून आली. त्या करारानंतर एकत्र केलेले उत्तर आणि पूर्व प्रांत पुन्हा वेगळे करा म्हणून 2006 मध्ये न्यायालयात गेला तो याच दिसानायकेंचा पक्ष, आणि तो खटला जिंकलाही. आता ते नवी राज्यघटना आणू म्हणतात आणि दोन तृतीयांश बहुमत हातात आहे. जाफनाने मत दिलं ते भ्रष्टाचाराला कंटाळून, अधिकार सोडून द्यायला नव्हे. उत्तरेत प्रांतिक परिषदेची शेवटची निवडणूक 2013 मध्ये झाली होती. ती त्यांनी लवकर घेतली तर मी माझी अर्धी शंका मागे घेईन. नव्या घटनेचं निमित्त करून लांबणीवर टाकली, तर दिल्लीतल्या संयुक्त निवेदनाचा कागद मी तरी पुन्हा वाचणार नाही.