निवृत्त फौजी वडील गावोगावच्या जुन्या पाट्या आणि दगड शोधत फिरतात. मुंबईत नोकरी करून मी त्यांना या नादात मदत कशी करू?

तुम्ही लिहिलंय की वडील पेन्शनीत आल्यापासून स्कूटर काढून कुठल्या ना कुठल्या वाडीत जातात, वह्या भरतात, आणि आईला हे उगाच उन्हात फिरणं वाटतं. आमच्या घरात हे पस्तीस वर्षं चाललंय. माझे मोठे काका, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, दापोलीला राहतात. मी लालबागला.

तात्या १९६८ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, पुढे पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, जमालपूरला होते, म्हणजे आजच्या बांगलादेशात. त्या लढाईबद्दल विचारलं तर ब्रह्मपुत्रेकाठची थंडी आणि न मिळालेला चहा यापलीकडे गाडी जात नाही. हवालदार होऊन परत आले, दोन कलमं लावली, आणि एक दिवस शेजारच्या गावातल्या शाळेच्या भिंतीत त्यांना एक संगमरवरी पाटी दिसली. डिस्टेंपरचे इतके हात बसलेले की अक्षरं बुजून गेलेली. ओल्या फडक्याने तासभर पुसल्यावर वाचता आली. पहिल्या महायुद्धाला या गावातून इतके पुरुष गेले, पैकी तीन मेले. बस. नाव एकाचंही नाही.

तात्यांचं डोकं तिथे फिरलं. "पलटणीत खेचराचीसुद्धा नंबरानिशी नोंद असते, आणि इथे माणसांचा नुसता आकडा?" हे वाक्य मी आजवर शंभरदा ऐकलंय. अशा पाट्या कोकणात आणि घाटावर कितीतरी गावांत आहेत, आणि बहुतेकींवर आकडेच आहेत.

पुढे कळलं की आकड्यांचा हा प्रकार गावापुरता नाही. आपल्याकडची बरीच माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. १६ ऑक्टोबर १९१४ ला जी पहिली फौज मुंबईहून बोटीने निघाली तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. तिथल्या कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत, १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांची फक्त संख्या. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेने, हा भेदभाव झाल्याचं स्वतःच कबूल केलं आणि माफी मागितली. मी तात्यांना बातमी वाचून दाखवली, तर म्हणाले, "माफी राहू दे, यादी दे."

यादी आहे, आणि तुमची पहिली मदत तीच. कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकून फुकट शोधता येतं. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. पण गोऱ्या कारकुनाने जसं ऐकलं तसं रोमन लिपीत लिहिलंय, त्यामुळे एकच गाव चार तऱ्हेने सापडतं. आडनाव कधी असतं, कधी नसतं. जिल्हेही जुने धरा: रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता. मी लोकलमध्ये उभ्याउभ्या स्पेलिंगं बदलून बघते, सापडलं की तात्यांना फोन. तात्या त्या वाडीत जाऊन विचारतात, "अमक्याचा मुलगा तमका, तुमच्या घरातला कोण?" बहुतेक वेळा कोणालाच माहीत नसतं. एकदा एका म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "तो बसऱ्याक गेलेला, त्याच्या बायकोने कुंकू पुसूक नाय." तात्यांनी ते तसंच, आजींच्याच शब्दांत उतरवलं.

त्यांची वही बघण्यासारखी आहे. लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारीला वापरतात तसली. आतले रकाने हजेरीपटासारखे: नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव, पलटण. शेवटचा रकाना 'कोणी सांगितले, कधी'. माझ्या मते सगळ्या वहीत किमती रकाना हाच. स्थानिक इतिहासाची बरीच पुस्तकं मी चाळलीत, हा रकाना क्वचित दिसतो. 'असे सांगतात' म्हणून मोकळे होतात. फौजी माणसाला ही शिस्त शिकवावी लागत नाही, ती मोडू देऊ नका एवढंच.

दगड वाचायचे असतील तर खडू किंवा पीठ चोळू देऊ नका. तात्या आधी तेच करायचे. आता संध्याकाळी जातात आणि बॅटरी दगडाला चिकटवून आडवी धरतात. झिजलेली अक्षरं सावलीने वर येतात. फोटोत मापाला शेजारी पट्टी ठेवतात.

आता मुंबईचं. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तात्या आमच्याकडे महिनाभर होते. डोळ्याची पट्टी निघाल्याबरोबर म्हणाले, अफगाण चर्च दाखव. कुलाब्याला नेलं. १८५८ पासूनचं चर्च, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी बांधलेलं. एकेक नाव वाचत बराच वेळ उभे होते. बाहेर येऊन म्हणाले, यांना आमच्यापेक्षा बरा कारकून मिळाला.

मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. ते बघेपर्यंत तात्यांच्या वहीत एकही खलाशी नव्हता. हर्णै, दाभोळच्या किनाऱ्यावरचा माणूस, पण फौजी असल्यामुळे बोटीवर कोळसा ओढत मेलेला आगवाला त्यांना 'युद्धातला' वाटलाच नव्हता. त्या रात्री जेवताना फारसं बोलले नाहीत. सकाळी वहीत नवीन पान उघडलेलं होतं. हा शोध लागला तो मुंबईत, दापोलीत बसून लागला नसता.

कागदपत्रांसाठी काळा घोड्याचं पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमधली एशियाटिकची लायब्ररी आहे. रत्नागिरीचं १८८० चं गॅझेटिअर मी त्यांना झेरॉक्स करून दिलं. दापोली ही पूर्वी लष्करी छावणी होती, म्हणून 'कँप दापोली'. पेन्शनर शिपायांची वस्तीही जुनी. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन तिथेच राहिले आणि महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी ती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. तात्या हे सांगताना जरा छाती काढून बसतात, जणू दापोलीच्या पेन्शनरने लेखणी उचलणं हा कँपचा रिवाजच.

एक चूक आमच्या हातून झाली ती सांगते. एका संस्थेने स्मरणिकेसाठी वही मागितली. तात्यांनी मूळ वही दिली, पावती न घेता. स्मरणिका निघाली, त्यात तात्यांचं नाव नव्हतं. वही चार महिन्यांनी आली ती मधली आठ पानं फाटलेली. त्या पानांवरच्या दोन म्हाताऱ्यांना पुन्हा विचारायला गेलो तोवर दोघंही गेले होते. त्या दिवसापासून मी दापोलीला गेले की आधी मोबाइलवर नव्या पानांचे फोटो काढते, मग चहा. तुम्हीही या शनिवारी जाऊन तेवढं उरका. वडील बोलत असतील तर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मधेच "हे तुम्ही आधी सांगितलंत" असं म्हणू नका.

तुमचं गाव खाडीवर किंवा बंदराशेजारी असेल तर इथे खाली कळवा. दापोली तालुक्यातल्या खलाशांची नावं मी सध्या काढतेच आहे, तुमच्याकडचीही त्याच बैठकीत बघता येतील. स्पेलिंगं तेवढी दोन-तीन तऱ्हेची लिहून द्या.