वडीलधाऱ्यांचा निर्णय, क्लायंटची संमती आणि समुपदेशकाची मूल्ये

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपली क्लायंट वेगळ्या धर्माची आणि वेगळ्या सामाजिक वातावरणात वाढलेली तरुणी आहे. विवाहाचा निर्णय घरातल्या वडीलधाऱ्यांनी घ्यावा आणि त्यांना सत्रात बसू द्यावे, असे ती म्हणते. व्यक्तीची स्वायत्तता सर्वांत महत्त्वाची, असे आपण प्रशिक्षणात शिकला आहात. शिवाय ही पद्धत आपल्याला मनापासून पटत नाही, म्हणून तिला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावे का, असे आपण विचारले आहे. पाठवू नये, असे माझे मत आहे. मात्र वडीलधाऱ्यांना लगेच सत्रात बोलावणेही घाईचे ठरेल.

प्रथम तिच्याशी एकटीशी बोला. ‘त्यांच्याकडे असेच चालते’ हे वाक्य तिने उच्चारले आहे की आपण तिच्याविषयी गृहीत धरले आहे, हे त्याशिवाय कळणार नाही. घरच्यांशी विचारविनिमय करून, त्यांचा शब्द अंतिम मानून निर्णय घेणे हीसुद्धा एखाद्या प्रौढ व्यक्तीची स्वतःची निवड असू शकते, आणि एकटीने घेतलेला निर्णयच खरा, असा आग्रह धरणे म्हणजे स्वायत्ततेच्या नावाखाली आपली पसंती तिच्यावर लादणे होय. उलट, नकार दिल्यास घरी काय होईल या धास्तीने दिलेला होकार ही संमती नव्हे. दोन्ही वेळा बोलले जाणारे शब्द अगदी सारखे असू शकतात. म्हणून घरात असे निर्णय आजवर कोणी आणि कसे घेतले, तिचे मत वेगळे पडले तेव्हा काय घडले, वडीलधाऱ्यांपैकी कोणाशी ती मोकळेपणाने बोलू शकते आणि त्यांच्यासमोर कोणती गोष्ट निघू नये असे तिला वाटते, हे सावकाश विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत उपयोगी ठरते.

एकत्र सत्र घ्यायचे ठरले तर गोपनीयतेच्या सीमा त्याआधीच ठरल्या पाहिजेत. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेत गोपनीयता आणि खासगीपणा यांच्या सांस्कृतिक अर्थांचे भान ठेवण्यास सांगितले आहे, आणि कोणती माहिती कोणाला, केव्हा, कशी द्यायची याबद्दल क्लायंटशी वेळोवेळी बोलत राहावे असेही म्हटले आहे. यातील ‘वेळोवेळी’ हा भाग व्यवहारात हमखास सुटतो. पहिल्या दिवशी अर्जावर सही घेतली की विषय संपला, असे मानले जाते. माझी पद्धत अशी आहे की एकत्र सत्राच्या आधी आणि नंतर क्लायंटला एकटीला भेटायचे, सत्रात मी कोणाची समुपदेशक आहे हे सर्वांसमोर आदराने सांगायचे, आणि नंतर एखाद्या वडीलधाऱ्यांचा परस्पर फोन आला तर मी काय उत्तर देणार, हेही आधीच सांगून ठेवायचे. असे स्पष्ट सांगितल्याने घरची मंडळी दुखावतात, असा अनुभव मला क्वचितच आला आहे. आपल्या पाठीमागे काहीतरी ठरते आहे या शंकेने मात्र ती नक्की दुखावतात.

तिच्या समाजाविषयी वाचन करावे का, असेही आपण विचारले आहे. जरूर करावे, पण त्यातून प्रश्न सुचावेत, उत्तरे गृहीत धरली जाऊ नयेत. मेलानी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी १९९८ मध्ये वैद्यकीय प्रशिक्षणासंदर्भात ‘सांस्कृतिक नम्रते’ची, म्हणजे दुसऱ्याची संस्कृती आपल्याला आधीच कळली आहे असे न मानता शिकत राहण्याची, कल्पना मांडली, तेव्हा एक बोलके उदाहरण दिले होते. शस्त्रक्रियेनंतर एका लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रीला बऱ्याच वेदना होत असल्याचे त्याच वंशाच्या डॉक्टरांनी लक्षात आणून दिले. परिचारिकेने ते फेटाळले, कारण या समाजाचे रुग्ण वेदना वाढवून दाखवतात, असे ती अभ्यासक्रमात शिकली होती. तिच्याकडे माहितीची वाण नव्हती. त्या माहितीमुळेच समोरच्या बाईकडे पाहण्याची गरज तिला वाटली नाही.

नेमके विचारायचे काय, यासाठी २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेतील सांस्कृतिक मुलाखत चांगला आधार देते. तिच्या मूळ आराखड्यात १६ प्रश्न आहेत. अडचण क्लायंटच्या स्वतःच्या शब्दांत काय आहे, ती कशामुळे उद्भवली असे तिला आणि तिच्या माणसांना वाटते, आधार कोणाचा मिळतो, आजवर कोणते उपाय केले आणि आता कोणत्या मदतीची अपेक्षा आहे, अशा क्रमाने ते जातात. ही मुलाखत फक्त ‘वेगळ्या’ वाटणाऱ्या क्लायंटसाठी राखून ठेवू नये. आपल्यासारखेच आडनाव, भाषा आणि देव असलेल्या माणसाबद्दल आपण जास्त गोष्टी गृहीत धरतो, आणि वर्ग, पिढी किंवा लैंगिकता यांमुळे पडणारे अंतर तिथेच नजरेतून निसटते.

आता दुसरीकडे पाठवण्याविषयी. अमेरिकेत ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील समुपदेशनाच्या एका विद्यार्थिनीने धार्मिक कारणावरून समलैंगिक क्लायंटला दुसऱ्याकडे पाठवण्याची मागणी केली. २००९ मध्ये तिला अभ्यासक्रमातून काढण्यात आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढे तडजोडीने मिटले. २०१४ च्या आचारसंहितेने ही बाब स्पष्ट केली: आवश्यक कौशल्य नसेल तर क्लायंटला दुसरीकडे पाठवता येते, केवळ स्वतःची मूल्ये आड येतात म्हणून नाही. आपली अडचण मला दुसऱ्या, म्हणजे मूल्यांच्या, प्रकारची दिसते. त्या अडचणीची जागा सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर आपल्या कामाविषयी होणाऱ्या चर्चेत आहे. तिथे ‘मला या पद्धतीचा राग येतो’ असे स्वच्छ सांगता आले, तर तो राग सत्रातल्या प्रश्नांच्या सुरातून बाहेर पडण्याची शक्यता कमी होते.

एक मर्यादा मात्र ठाम ठेवा. मारहाण, डांबून ठेवणे, धमकी, बळजबरीचा विवाह, अल्पवयीन मुलांचे शोषण यांना परंपरेचे कारण दिले जात असले, तरी तिची सुरक्षितता आणि आपल्या ठिकाणच्या कायद्याने घातलेली जबाबदारी यांत सूट मिळत नाही. असे काही दिसल्यास एकत्र सत्र घेऊच नये, कारण तिथे उघड बोललेल्या शब्दाची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. याउलट, अपरिचित वाटते एवढ्यावरून साध्या कौटुंबिक शिस्तीला छळ ठरवणेही अन्यायाचेच आहे.

घरातले वडीलधारे वेगळी भाषा बोलत असतील तर प्रशिक्षित दुभाषी घ्या. नातेवाईक, त्यातही मुले, या कामाला वापरू नयेत. ते वाक्ये गाळतात, मवाळ करतात, आणि ज्या गोष्टी त्यांनी ऐकायला नकोत त्या त्यांच्याच तोंडून जातात. एखादी मानसशास्त्रीय प्रश्नावली वापरलीत तर तिचे गुण वाचताना ती कोणत्या लोकसमूहावर प्रमाणित केलेली, म्हणजे तपासून बसवलेली, आहे ते पाहा. वडीलधाऱ्यांनी आणलेल्या भेटवस्तूची चिंता आपण केली आहे तेवढी करण्याचे कारण नाही. वस्तूचे मूल्य, देण्यामागचा हेतू आणि नात्यावर होणारा परिणाम पाहून छोटी भेट स्वीकारता येते, कारण काही संस्कृतींमध्ये ती आदराची खूण असते, हे वर उल्लेखलेली आचारसंहिताही मान्य करते.

कुटुंबाला बोलावण्याची विनंती कोणी केली, क्लायंटने एकांतात काय सांगितले आणि कोणत्या बाबी उघड न करण्याचे ठरले, याची तारखेसह नोंद ठेवा, आणि ती नोंद तिच्याखेरीज घरातल्या कोणाच्या हाती पडणार नाही अशी ठेवा. प्रत्येक एकत्र सत्राआधी तिला पुन्हा विचारा. पहिल्या वेळचा होकार दुसऱ्या वेळी कायम असेलच असे नाही, आणि तो मागे घ्यायचा असल्यास त्याचे कारण वडीलधाऱ्यांना कसे सांगायचे, हेही तिच्याबरोबर बसूनच ठरवावे लागेल.