कमानीची मोल्डिंग जुन्या पट्टीशी जुळवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खिडकीचा माथा उथळ कमानीचा, रुंदी ९०० मिमी, मधली उंची १५० मिमी. दोन्ही बाजूंच्या उभ्या मोल्डिंग पट्ट्या शाबूत आहेत, ९० मिमी रुंद आणि २० मिमी जाड. वरची वळणदार पट्टी मात्र कुजून गेली. नक्षी, म्हणजे पट्टीच्या लांबीभर धावणाऱ्या खाचा-उंचवट्यांचा आकार, तीच हवी, लाकूड तेच हवं, वरून पॉलिश. सरळ पट्टी भिजवून किंवा वाफ देऊन वाकवता येईल का?

नाही येणार. यात लाकडाचा दोष नाही, अडचण मापांतच आहे. ही पट्टी भिंतीला सपाट बसते आणि वळते ती स्वतःच्या रुंदीच्या दिशेने. तुमच्या मापांत पट्टीच्या आतल्या कडेची त्रिज्या ७५५ मिमी येते आणि बाहेरच्या कडेची ८४५. म्हणजे बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जवळजवळ १२ टक्के लांब हवी. वाफवलेलं लाकूड दाबलं तर बरंच दबतं, पण ताणलं तर जेमतेम एक-दोन टक्के ताणलं जातं, पुढे फाटतं. बाहेरून लोखंडी पट्टा आवळून सगळा भार दाबावर घेता येतो, खुर्चीच्या वळणदार पाठी तशाच करतात, पण त्या दाबाखाली आधीच कोरलेली नक्षी चुरडते. गोल भिंतीच्या पायाशी लावायच्या स्कर्टिंगचं काम वेगळं. ती जाडीच्या दिशेने वळते, म्हणून मागून करवतीच्या खाचा देऊन किंवा पातळ थर चिकटवून भागतं. वाकवण्याचे जे सल्ले तुम्हाला मिळाले असतील ते बहुधा त्या कामाचे आहेत.

तुमच्या कामात आधी कमानीच्या आकाराचा कोरा तुकडा बनवायचा आणि मग त्यावर नक्षी उतरवायची.

त्याआधी प्लायवूडच्या मोठ्या शीटवर पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढा. हे उरकून टाकायचं काम नाही. पुढचा प्रत्येक कोन आणि प्रत्येक त्रिज्या याच शीटवरून उचलायची आहे. त्रिज्येचं गणित सोपं आहे: रुंदीचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा निम्मा. तुमच्यासाठी ६७५ अधिक ७५, म्हणजे ७५० मिमी. चौकटीची कड ५ मिमी उघडी ठेवून पट्टी बसवायची, म्हणून आतली त्रिज्या ७५५. पण हे सगळं कमान खरोखर वर्तुळाचा तुकडा असेल तरच. जुन्या बांधकामात ती बऱ्याचदा नसते. तपासायला कमानीच्या दोन टोकांमध्ये सरळ पट्टी आडवी धरा आणि मध्यापासून २२५ मिमी डावीकडे आणि तेवढंच उजवीकडे उंची मोजा. दोन्हीकडे साधारण ११५.५ मिमी यायला हवी. मिलिमीटरभर फरक आला तर काळजी नको. चार-पाच मिलिमीटर आला तर गणित बाजूला ठेवा, पातळ प्लायवर थेट कमानीची कड गिरवून फर्मा कापा आणि पुढे राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं विजेचं यंत्र) त्या फर्म्याच्या आधाराने चालवा.

आता जुनी नक्षी उचलायची. दातेरी प्रोफाइल गेज (सरकत्या पिनांनी आकार टिपणारं साधन) वापरू शकता, पण त्याच्या पिनांची जाडी बारीक खाचांमध्ये दगा देते. एखादी उभी पट्टी अलगद काढता आली तर तिच्या तळाच्या टोकाकडून ३-४ मिमीची चकती आडवी कापून घ्या. ती कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीने गिरवली की खरं प्रोफाइल हातात येतं. मात्र कापण्याआधी तो भाग जुन्या रंगापासून, पॉलिशपासून पूर्ण मोकळा करा. थरांवर थर बसून खाचांचे कोपरे गोल झालेले असतात. तेच गोल कोपरे नव्या लाकडात कोरले तर नवी पट्टी कायम बोथट दिसते. नजर लाकूड बघत नाही, सावली बघते. खाचेची काळी रेघ किती बारीक आहे आणि उंचवट्याच्या कडेला उजेड कुठे तुटतो, एवढंच दूरवरून कळतं. म्हणून गोलाई अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर खपून जातं, खाचेची जागा तेवढीच सरकली तरी सांध्यावर लगेच दिसते.

कोरा तुकडा एकाच फळीतून कापायचा म्हटलं तर जवळजवळ २४५ मिमी रुंद फळी लागेल. ती मिळाली तरी मी तसं करणार नाही, कारण कमानीच्या टोकांशी लाकडाचे रेषे कडेला ४० अंशांनी तिरके जातात आणि तिथे लाकूड खिळ्याच्या धक्क्यानेही उडतं. तीन तुकडे जोडून करा. टोकांच्या कापासाठी थोडी वाढ धरून कमानीच्या केंद्रापाशी एकूण ८४ अंश घ्या, म्हणजे प्रत्येक तुकडा २८ अंशांचा आणि प्रत्येक सांध्याचा काप १४ अंशांचा. फळी १२० मिमी रुंद घेतली की पुरते, बाहेरच्या अंगाने प्रत्येक तुकड्याची लांबी सुमारे ४२२ मिमी. दोन तुकडे करू नका. सांधा नेमका माथ्यावर येतो आणि नजर तिथेच अडकते. तीन केले की मधला तुकडा सलग राहतो. तिन्ही तुकडे एकाच फळीतून, रंग आणि रेषे जुळवून घ्या, आणि कापण्याआधी फळी काही दिवस त्याच खोलीत पडून राहू द्या.

नुसतं टोकाला टोक चिकटवलेला सांधा टिकत नाही, टोकाचे उघडे रेषे गोंद पिऊन टाकतात. दोन्ही तोंडांना खाच पाडून त्यात प्लायची पातळ जीभ बसवा. ती मधोमध बसवण्याची सवय इथे आवरा. नक्षीची सर्वांत खोल खाच किती खाली जाते ते ड्रॉइंगवर बघा. २० मिमीच्या पट्टीत ती ११-१२ मिमी खोल असेल तर मागे ८ मिमीच उरतात, आणि ४ मिमीची जीभ त्या ८ मिमीतच राहिली पाहिजे. नाहीतर राउटर फिरला की खाचेच्या तळाशी प्लायचे थर उघडे पडतात आणि पॉलिशच्या कामात ते लपत नाहीत. चिकटवताना तुकडे वळणात कापलेले नसावेत, सरळ कडांचेच असू द्या. ड्रॉइंगच्या शीटवर मेणकागद अंथरून बाहेरून ठोकळे स्क्रूने पक्के करा आणि पाचरा मारून सांधे आवळा. गोंद पूर्ण वाळल्यावरच वळण कापा. लाकूड सागासारखं तेलकट असेल तर चिकटवण्याच्या अगदी आधी तोंडं अॅसिटोनने पुसून घ्या.

दुसरा रस्ता पातळ पट्ट्यांचा: ३-४ मिमीच्या पट्ट्या फर्म्यावर (कमानीच्या वळणाच्या साच्यावर) एकमेकींना चिकटवून पूर्ण रुंदी भरायची. रेषे वळणाबरोबर धावतात, मजबुती उत्तम, आणि पॉलिशमध्ये तुकड्यांचे सांधे दिसत नाहीत. वीसहून अधिक थर असले की फर्म्यावरून काढल्यावर पट्टी उलटी उघडतही नाही म्हटलं तरी चालेल. पण जवळजवळ निम्मं लाकूड भुशात जातं, आणि नेहमीचा पांढरा गोंद इथे चालत नाही. तो सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, युरिया फॉर्माल्डिहाइड किंवा इपॉक्सी लागतो. एका कमानीसाठी मी तीन तुकड्यांचाच मार्ग धरेन. तशा पाच-सहा खिडक्या असत्या तर पट्ट्यांचा विचार केला असता.

तुमच्याच नक्षीची सरळ पट्टी नवी मिळत असेल तर मात्र एक फार सुरेख युक्ती आहे. तशा दोन पट्ट्या घ्या आणि दोन्ही उभ्या चिरून ४ मिमीच्या चिरफळ्या काढा. पहिलीतून पहिली, तिसरी, पाचवी ठेवायची, दुसरीतून दुसरी, चौथी, सहावी. करवत जे खाते ते टाकून द्यायच्या चिरफळीतून जातं, त्यामुळे नक्षीचा एक मिलिमीटरही हरवत नाही. सगळ्या चिरफळ्या क्रमाने, पाठ खाली करून सपाट पाटावर उभ्या लावा, फर्म्याला वळवून चिकटवा, आणि नक्षी आपोआप वळणात उतरते. चिकटवण्याआधी एकदा कोरडंच सगळं आवळून बघा. गोंद लावल्यावर क्रम शोधत बसायला वेळ मिळत नाही.

तीन तुकड्यांच्या मार्गात नक्षी राउटरने काढायची. कोरा तुकडा शीटवर खालून स्क्रूने धरा, राउटरला लांब दांडी जोडा आणि दांडीचं दुसरं टोक केंद्रावरच्या खिळ्यावर फिरू द्या. केंद्राखाली तुकड्याच्याच जाडीचा ठोकळा हवा, नाहीतर राउटर तिरका चालतो. मग प्रत्येक खाचेची त्रिज्या ड्रॉइंगवरून उचला, पण दांडीवर माप घेताना बिटची (राउटरच्या फिरत्या पात्याची) निम्मी जाडी विसरू नका: खाचेची आतली कड ७९० वर हवी आणि बिट ६ मिमीचं असेल तर केंद्रापासून बिटच्या मध्यापर्यंत ७९३. आधी टाकाऊ प्लायच्या तुकड्यावर सगळ्या त्रिज्या फिरवून घ्या आणि त्यावर जुन्या पट्टीची चकती ठेवून बघा.

क्रम असा ठेवा की राउटरच्या बैठकीला शेवटपर्यंत सपाट आधार उरेल. खोल खाचा आधी, रुंद उतार नंतर, आणि सर्वांत उंच सपाट कडा अगदी शेवटी. एका फेरीत २-३ मिमीहून खोल जाऊ नका. बाहेरच्या वळणावर प्रत्येक तुकड्याच्या मध्यापासून टोकांकडे जाताना बिट रेष्यांबरोबर चालतं, आतल्या वळणावर उलट, टोकांकडून मध्याकडे. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या अर्ध्या भागात ते रेष्यांविरुद्ध जाणारच. तिथे शेवटच्या फेऱ्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठेवा, म्हणजे कड उपटत नाही. चष्मा आणि मास्क लावूनच काम करा.

तयार बिट्समधून जुनी नक्षी तंतोतंत क्वचितच निघते. राउटरने ऐंशी-नव्वद टक्के जागा मोकळी करा आणि उरलेलं खरवडून काढा. जुन्या हातकरवतीच्या पात्याचा तुकडा घ्या. हॅकसॉचं ब्लेड नको, ते बहुतेक वेळा इतकं कडक असतं की कानस त्यावर घसरते. चकतीचं चित्र त्यावर उलटं चिकटवून कानशीने आकार काढा. कड तिरकी घासायची नाही, पात्याला काटकोनात ठेवायची. हे पातं काटकोनी लाकडी ठोकळ्याच्या फटीत आवळा आणि ठोकळ्याची जी बाजू कमानीच्या कडेला घासत जाणार तिला किंचित गोलाई द्या, म्हणजे वळणावर ती एकाच बिंदूवर टेकते. मग हलक्या हाताने ओढत, ढकलत राहा. सुरुवातीला भुसा पडतो, धार बसली की केसासारख्या बारीक सळ्या निघतात. पातं खोलवर गेलं की ठोकळा लाकडाला टेकतो आणि कापणं आपसूक थांबतं. रेष्यांची दिशा इथे फारशी आड येत नाही, म्हणून वळणासाठी यासारखं हत्यार नाही. काचपेपर कमीत कमी वापरा, त्याने कडा मरतात.

आता उभी पट्टी आणि कमान जिथे भेटतात तो सांधा. अर्धवर्तुळाची कमान असती तर दोन्ही सरळ एकमेकींना टेकल्या असत्या. तुमची उथळ आहे, म्हणून तिरका काप लागणार, आणि इथेच लोक कोन मोजून त्याचा निम्मा करतात. सरळ पट्टी आणि वळणदार पट्टी यांच्या नक्षीच्या रेषा ज्या बिंदूंवर भेटतात ते बिंदू मुळात एका सरळ रेषेत नसतातच, ती हलकी वक्र रेषा असते. तुमच्या मापांत तिचा फुगवटा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी आहे, त्यामुळे सरळ काप चालेल. पण कोन निम्म्याच्या हिशोबाने नको. आतल्या कडेशी कोन मोजून निम्मा केला तर काप आडव्या रेषेपासून साधारण २६.५ अंश येतो, प्रत्यक्षात आतल्या आणि बाहेरच्या कडांचे छेदबिंदू जोडणारी रेषा २५.७ अंशांवर आहे. १०० मिमी लांबीच्या सांध्यात एवढ्या फरकाने एका टोकाला मिलिमीटरहून मोठी फट पडते. ड्रॉइंगवर दोन्हींच्या आतल्या-बाहेरच्या कडा काढा, छेदबिंदू जोडा आणि त्या रेषेवर कापा. कमान जास्त खोल किंवा पट्टी जास्त रुंद असेल तर मधले बिंदूही काढून वक्र रेषाच कापावी लागते.

कमान आधी जागेवर कोरडी धरा, तिचा काप पक्का करा आणि मग उभ्या पट्ट्यांची वरची टोकं तिला जुळवा. सरळ पट्टीचा काप रंध्याने केसभर कमी करणं सोपं असतं, कमान पुन्हा कापली की तिचा सगळा तोल बिघडतो. भिंत फुगलेली असेल तर पट्टीच्या पाठीला मधोमध १ मिमी पोकळी द्या, कडा नीट टेकतात. खिळ्यांसाठी आधी बारीक भोकं पाडाच, विशेषतः तुकड्यांच्या सांध्यांजवळ आणि दोन्ही टोकांशी.

पॉलिशचा रंग उरलेल्या कोऱ्या तुकड्याच्या वळणाच्या कडेवर आधी लावून बघा. वळणावर रेषे तिरके कापले गेलेले असतात, तिथे लाकूड रंग जास्त पितं आणि सरळ पट्टीपेक्षा गडद होतं. पातळ केलेल्या शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात आधी दिला तर हा फरक बराच कमी होतो.