छोट्या सार्वजनिक वाचनालयात मुलांसाठी नवीन काय आणावं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोणते उपक्रम घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातलं गावचं वाचनालय, ‘ड’ वर्ग (शासनमान्य वाचनालयांतला सर्वांत लहान वर्ग), बारा बाय पंधरा फुटांची एकच खोली, एकच ग्रंथपाल, मुलांसाठी म्हणून आलेली 20,000 रुपयांची देणगी आणि मे तोंडावर आलेला. पुस्तकं कोणती घ्यायची आणि मुलं टिकतील असं काय करायचं?

पुस्तकांच्या आधी कपाटाबद्दल बोलायला हवं. गावोगावच्या वाचनालयांत मुलांची पुस्तकं असतात, पण ती काचेच्या कपाटात, कुलपात, वरच्या फळीवर. मूल पुस्तक मागून घेत नाही, दिसलं तर उचलतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या 1931 च्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र आहे की पुस्तकं वापरासाठी आहेत. मुलांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की काही पुस्तकं फाटणार, हे खरेदीच्या दिवशीच धरून चालायचं. वर्षाकाठी शंभरातली आठ-दहा पुस्तकं डागडुजीला आली तर विभाग चालू आहे असं समजा. एकही आलं नाही तर काळजी करा.

पैशांची वाटणी मी अशी करेन: पुस्तकं 11,000, मासिकांची वर्गणी 2,000, सतरंज्या आणि पुस्तकं मांडायची सोय 2,500, डागडुजीचं सामान 1,500, उपक्रमांचं साहित्य 2,000 आणि हातात शिल्लक 1,000. पुस्तकांचे 11,000 मात्र एकदम खर्च करू नका. 7,000 ची खरेदी एप्रिलअखेर, 4,000 ची मेच्या मध्यावर. पहिल्या दोन आठवड्यांत मुलं काय मागतात ते एका वहीत लिहून ठेवायचं आणि दुसरी खरेदी त्या वहीवरून करायची. सुट्टीच्या मध्यावर नवा गठ्ठा उघडला की पांगलेली मुलंही परत येतात.

एवढ्या पैशांत साधारण 90 ते 100 पुस्तकं येतात. निम्मी नॅशनल बुक ट्रस्टसारख्या स्वस्त प्रकाशनांची घ्या, त्यांची नेहरू बाल पुस्तकालय ही माला मराठीतही आहे. उरलेल्यांत ज्योत्स्ना प्रकाशन आणि तूलिका यांची चित्रपुस्तकं बघा. ढोबळ प्रमाण असं ठेवा: 40 चित्रपुस्तकं, नव्याने वाचू लागलेल्यांसाठी मोठ्या टायपातली 30 छोटी पुस्तकं, आणि उरलेल्यांत निम्मी माहितीपर, निम्मी दहा-चौदा वयासाठी. हा शेवटचा गट सगळीकडे विसरला जातो. बारा वर्षांच्या मुलाला बालविभागात हत्ती-ससे दिसले की तो दारातूनच परत फिरतो. त्यांचं शेल्फ वेगळं ठेवा, शक्यतो मोठ्यांच्या विभागाला लागून.

पुस्तक पारखायची सोपी रीत म्हणजे मधलंच एखादं पान उघडून दुकानात मोठ्याने वाचून बघायचं. वाक्य बोलल्यासारखं सरळ आलं तर घ्या, जीभ अडखळली तर अनुवाद कच्चा आहे. ‘दहा बोधकथांचा संच’ असलं बारीक टायपाचं, दोन पिनांवर तगलेलं काही स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. देणगीत जुनी गाइडं आणि पाठ्यपुस्तकं आली तर नम्रपणे परत करा. एकदा घेतली की ती कायमची जागा अडवतात.

मासिकांमध्ये बालभारतीचं ‘किशोर’ हवंच. ते 1971 पासून निघतंय, वर्गणी परवडणारी आहे आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

फुकटात आणखी चाळीसेक पुस्तकं करता येतील. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. त्यावरच्या मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली असल्याने छापायला परवानगी घ्यावी लागत नाही. फक्त लेखक, चित्रकार, अनुवादक यांच्या नावांचं शेवटचं पान काढून टाकायचं नाही. पीडीएफ उतरवून घ्या आणि छापताना ‘बुकलेट’ हा पर्याय निवडा. सोळा पानांच्या गोष्टीला चार ए-फोर कागद लागतात, कारण एका कागदावर चार पानं बसतात. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं येतात, त्याने बिघडत नाही. दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड कडेवर उलटायचा. लांब कडेवर उलटला तर मागची पानं उलटी छापली जातात आणि सगळा गठ्ठा वाया जातो. म्हणून पहिला एकच कागद छापून, दुमडून बघा.

हे कागद पिनेने टाचू नका. कोकणातल्या हवेत पीन दोन पावसाळ्यांत गंजते आणि गंज कागद खातो. दोऱ्याने शिवा. मधल्या घडीवर तीन भोकं: एक मधोमध, दोन टोकांपासून तीन-तीन सेंटिमीटर आत. जाडसर सुती दोरा, साधारण 55 सेंटिमीटर. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर काढा आणि मधल्या भोकातून परत आत आणा. आता दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. त्या टाक्यावरून गाठ मारा. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली तर गाठ मारूनही शिवण ढिली राहते. दहा-बारा वर्षांची मुलं हे काम उत्तम करतात.

मांडणीसाठी चार इंची पीव्हीसी पाइप पुरतो. दहा फुटी पाइप उभा चिरून घेतला की दोन पन्हळी होतात. कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर बोटं कापतात. एक पन्हळ जमिनीपासून दीड फुटावर, दुसरी तीन फुटांवर, दर दोन फुटांना वॉशर घालून स्क्रू. दोन्ही मिळून वीस-पंचवीस पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून उभी राहतात. ती दर आठवड्याला बदला. पश्चिमेची भिंत टाळा, पावसाळ्यात तीच ओल धरते.

चित्रपुस्तकांना खाकी कव्हर घालू नका, चित्र झाकलं की पुस्तक संपलं. पारदर्शक प्लास्टिक चालेल. शिक्का शीर्षकपानाच्या मागे मारा, चित्रावर नाही. दाखल रजिस्टरमध्ये (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायच्या वहीत) प्रत्येक पुस्तक चढलंच पाहिजे, देणगीतलं आणि तुम्ही शिवलेलंही. बिलं तपासणीसाठी फाइलला. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावला की काही काळाने तो पिवळा पडतो आणि चिकट डाग मागच्या पानावर उतरतो. त्यापेक्षा फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून बारीक ब्रशने फाटलेल्या कडेला लावा, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा.

पुस्तकांखेरीज चार-पाच वस्तू जरूर घ्या: बुद्धिबळ, सागरगोटे, जिल्ह्याचा मोठा नकाशा, तीन-चार भिंगं आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तुकड्यांची कोडी. कोड्याचा डबा उघडल्या दिवशीच प्रत्येक तुकड्याच्या मागे एकच खूण करा, एका कोड्याला चांदणी, दुसऱ्याला त्रिकोण. नाहीतर महिन्याभरात दोन कोडी एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही निकामी होतात. भिंगं खिडकीत राहू देऊ नका, उन्हाने खालचा कागद पेटू शकतो.

आता उपक्रम. तुमच्याकडची एक गोष्ट शहरांपेक्षा उलटी आहे. मे महिन्यात तिथली मुलं मामाकडे जातात. तुमच्याकडे मुंबईची मुलं येतात आणि आठ-दहा दिवसांनी परत जातात. त्यामुळे ‘पंधरा दिवसांचं शिबिर’ आखलंत तर तिसऱ्या दिवसापासून हजेरी कोलमडेल. प्रत्येक बैठक स्वतःत पूर्ण हवी. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेआठ ते सव्वादहा, चार आठवडे, म्हणजे बारा बैठका. एकट्या ग्रंथपालाला रोजचं झेपत नाही, आणि दुपारच्या उकाड्यात वीज गेली की खोलीत बसवत नाही.

पाहुण्या मुलांसाठी ‘सुट्टीचे सभासद’ अशी नोंद ठेवा. 100 रुपये अनामत, ज्या घरी उतरलंय त्या घराचं नाव, आणि एका वेळी एकच पुस्तक. जायची तारीख पहिल्याच दिवशी विचारून त्याच्या दोन दिवस आधीची परतीची तारीख लिहा. पुस्तकं हरवत नाहीत. बॅगेत भरून नकळत बोरिवली-विरारला पोचतात. विलंब शुल्क मुलांना लावू नका, त्याने पुस्तक परत येण्याऐवजी मूलच यायचं थांबतं.

बैठकीचा क्रम: आधी पुस्तकं परत घेणं, मग वीस मिनिटं मोठ्याने वाचन, मग पाऊण तास हातातलं काम, शेवटी नवी पुस्तकं देणं. वाचनाला वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुलं बसवू नका, मागच्यांना चित्र दिसत नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पुस्तक आदल्या दिवशी दोनदा वाचून या. पान उलटल्यावर चित्र डावीकडून उजवीकडे हळू फिरवा, मग वाचा. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका. गप्प बसा, मुलं आपणहून बोलतात.

बारा बैठकांत काहीही घ्या, पण माझ्या मते दोन कामं सोडू नयेत.

एक, एका कागदाचं आठ पानी पुस्तक. ए-फोर कागद लांबीत (लांब कडा एकमेकींवर आणून) अर्धा दुमडून उघडा. मग आखूड कडा एकमेकींवर आणून अर्धा, आणि पुन्हा त्याच दिशेने अर्धा. उघडला की आठ घरं दिसतात. आता आखूड कडा एकदाच जुळवा, आणि जिकडे घडी आहे तिकडून मधल्या रेषेवर एका घराएवढंच कापा. उघडल्यावर कागदाच्या पोटात दोन घरांची चीर दिसते. लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, चीर फाकून अधिकचं चिन्ह होतं, ते एका बाजूला मिटवलं की पुस्तक तयार. मुलं हमखास दोन ठिकाणी चुकतात. घडीऐवजी सुट्या कडेकडून कापतात, म्हणून कात्री देण्याआधी प्रत्येकाला घडीवर बोट ठेवायला लावा. आणि दुमडायच्या आधीच लिहायला बसतात, मग निम्मी पानं उलटी येतात. आधी पुस्तक, मग पेन्सिलीने पानांवर आकडे, मग गोष्ट.

दुसरं, गावाचा शब्दकोश. पोस्टकार्डाएवढे 200 पत्ते कापून ठेवा. एका पत्त्यावर एक शब्द, त्याचा अर्थ, कोणी सांगितला (आजी, काका, शेजारच्या काकू, एवढंच) आणि चित्र. गडगा, पाखाडी, सडा, पऱ्या, इरलं, बोंडू, आठळ्या, असे इथले शब्द. फणस ‘कापा’ (कडक गऱ्यांचा) की ‘बरका’ (मऊ गऱ्यांचा), ते कसं ओळखायचं, हेही. इथे गावातलं मूल जाणकार असतं आणि मुंबईचं मूल विचारणारं, त्यामुळे एरवी मागे बसणारी मुलं पुढे येतात. जोड्या लावताना एक गावचं, एक पाहुणं, असंच लावा. ‘पाच शब्द आणा’ म्हटलं की मुलं पाठ्यपुस्तकातले शब्द उतरवून आणतात. ‘आजीच्या स्वयंपाकघरातली अशी वस्तू, जिचं नाव तुला माहीत नव्हतं’ असं नेमकं विचारलं की खरे शब्द येतात. पत्ते अकारविल्हे लावून डब्यात ठेवा, त्यांनाही दाखल क्रमांक द्या. पुढच्या मे महिन्यात तोच डबा पुन्हा उघडायचा आणि पुढे भरायचा.

‘कोण जास्त पुस्तकं वाचतो’ अशी स्पर्धा ठेवू नका. मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधतात आणि सावकाश वाचणारं मूल दुसऱ्याच आठवड्यात बाजूला होतं. त्याऐवजी आठ चौकोनांचं कार्ड द्या: धाकट्याला वाचून दाखवलेलं पुस्तक, झाडावर किंवा झोपाळ्यावर वाचलेलं, आजोबांनी सुचवलेलं, न आवडल्याने अर्धवट सोडलेलं, असे चौकोन. कार्ड भरलेल्या प्रत्येकाला मेच्या मध्यावर येणाऱ्या गठ्ठ्यातून पहिलं पुस्तक निवडायचा मान. थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांना चार चौकोन पुरेत. दहा-चौदा वयाच्यांना कामं द्या: देवघेवीची नोंद, शिवण, कव्हरं. ती मुलं त्या टेबलासाठी येतात आणि जाताना पुस्तक घेऊन जातात.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्र सरकारच्या संस्थेच्या योजनांची चौकशी करून ठेवा, त्यात बालविभागासाठीही साहाय्य असतं. अर्जाची मुदत छोटी असते आणि सूचना बहुतेक वेळा उशिरा कळते. उपक्रमांचे फोटो, हजेरीची वही आणि खरेदीची बिलं एका फाइलला असली तर अर्ज एका दिवसात होतो.

मेचा शेवटचा आठवडा फक्त पुस्तकं परत घेण्यासाठी ठेवा. जूनच्या पहिल्या पावसात ओढ्यापलीकडच्या वाडीतून पुस्तक यायचं असेल तर ते भिजूनच येतं. आलेलं प्रत्येक पुस्तक कोरड्या फडक्याने पुसून, पानं फडफडवून तासभर पंख्याखाली उभं ठेवा. फळीवर दाबून भरू नका, बोटभर जागा सोडा. सुकी कडुलिंबाची पानं पातळ कापडाच्या पुरचुंडीत ठेवा, सुटी टाकली तर चुरा पानांत शिरतो आणि डाग पडतात. भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ओढा, खाली विटा द्या. भिजलेलं पुस्तक आलंच तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. दर दहा-बारा पानांत कोरा कागद घालून सावलीत वाळवा, कागद ओला झाला की बदला, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच वजनाखाली ठेवा.